रिकामी फेरी

आमच्या शहापूर-खर्डी बसचा कंडक्टर पाड्यावरच्या शाळकरी मुलींचे पास कधी मशीनवर नोंदवायचा नाही. “तोंड बगलं, झालं गो, बस जा,” म्हणत पुढे सरकायचा. कोणाची परीक्षा कधी, हे मात्र त्याला पाठ.

मी डेपोत कॉम्प्युटरवर फेऱ्या आखतो. आकड्यांत आत पाड्यावरून जाणारी फेरी रिकामी दिसली, मी ती रद्द केली.

तो ऑफिसात आला. “सायेब, बारा पोरी हायेत.”

“नोंद कुठाय, मामा?”

त्याने गळ्यातलं मशीन एकदा पाहिलं आणि तो बाहेर गेला.

पाडा हायवेपासून लांब. मुलींचं शाळेत जाणंच बंद झालं. तो आता हायवेच्या बसवर प्रत्येक पास नोंदवतो. परवा मी त्या बसमध्ये होतो. पाड्याच्या फाट्यावर त्याने घंटी वाजवली, दार उघडून वाट पाहिली. कोणीच चढलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता तुमचा आकडा बरोबर हाय, सायेब.”