कंडक्टरबाईच्या पोटातली अंगठी

कंडक्टरबाईने प्रवाशाची सोन्याची अंगठी गिळली, ही बातमी डेपोत सकाळी नऊला आली आणि दहाच्या चहापर्यंत अंगठीवर माणिक बसलं. दुपारी अंगठी दोन तोळ्यांची झाली. संध्याकाळी तर एकाने बाईंना ती गिळताना पाहिलंही होतं. फक्त तो त्या दिवशी गावात नव्हता.

बातमी निघाली बाईंच्या घरातूनच. नणंदेचं भावजयीशी काही वाकडं नव्हतं, पण ऐकलेलं, पाहिलेलं तिला पचत नसे. वहिनी इस्पितळात असताना तिने कपाटावरचं एक्स-रेचं पाकीट उघडलं, फिल्म खिडकीशी धरली, तर कमरेच्या वर एक पांढरा ठिपका. नेमकी त्याच आठवड्यात एका प्रवासी बाईने बसमध्ये अंगठी हरवल्याची तक्रार दिलेली. नणंदेने शेजारणीला एवढंच विचारलं, "सोनं पांढरं दिसतं का गं यात?"

बाई ड्युटीवर परतल्या त्या थेट चौकशीलाच. अकरा वर्षांची नोकरी, घरात कमावत्या त्या एकट्या, आणि सगळं डेपोच्या साहेबांच्या एका सहीवर आलेलं. त्यात बाईंच्या बोटात नेहमीची अंगठी नव्हती, नुसता पांढरा वळ.

"आधी स्वतःच्या अंगठीवर सराव केला असेल," एक मेकॅनिक म्हणाला.

साहेबांच्या खोलीत दोन पंखे होते. बाईंनी पर्समधून औषधाची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी काहीतरी तपकिरी.

"हे काय?"

"मुद्देमाल, साहेब."

"ही अंगठी?"

"अंगठीला भोक असतं. याला नुसती टोकं आहेत. मुतखडा आहे."

बाटलीकडे निघालेला साहेबांचा हात फायलीकडे वळला.

"एवढा होईपर्यंत काय करत होता? पाणी नाही पीत?"

"निघताना एक घोट. मग घरी गेल्यावर."

"या उन्हात? इंजिनाशेजारी उभं राहून?"

"शेवटच्या थांब्यावर बाईमाणसाला जायला जागा कुठाय?"

"बाकीचे जातातच की."

"बाकीच्यांना भिंत आहे, साहेब."

दारात साक्षीला उभा असलेला बाईंच्या बसचा ड्रायव्हर फिसकन हसला. त्या भिंतीचं तो जुनं गिऱ्हाईक.

साहेबांनी घसा साफ केला. "मग सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे फुकट काढतात."

"गेले होते ना. त्यांचं यंत्र उन्हाने तापतं, म्हणून उन्हाळाभर बंद ठेवलंय. मला तारीख दिली पावसाळ्यानंतरची. मी कळवळत होते, पण यंत्राला त्रास नको."

"यंत्रांची युनियन जोरात दिसते, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

"तू गप रे!" साहेब खेकसले. "आणि बाई, बोटातली अंगठी?"

बाईंनी सोनाराची पावती ठेवली आणि तिच्याशेजारी खासगी इस्पितळाचं बिल. दोन्हींवर एकच तारीख. साहेबांनी दोन्ही कागद उलटसुलट पाहिले, बाटली रुमालाने उचलून परत दिली आणि फायलीवर लिहिलं, 'आरोपात तथ्य नाही.'

हरवलेली अंगठी चार दिवसांनी तक्रारदार बाईंच्याच घरी साबणाच्या डबीत सापडली. ही बातमी मात्र डेपोच्या फाटकाबाहेरच दमली. आत काही आली नाही.

कचेरीनेही मनावर घेतलं म्हणायचं. आठवड्याने फळ्यावर सहीशिक्क्याचं पत्रक लागलं, 'उष्णतेच्या दिवसांत कर्मचाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावे.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'आणि मग?' अक्षर ड्रायव्हरचं, पण चौकशी झाली नाही. नणंदेने ओशाळून वहिनीला मोठी पाण्याची बाटली आणून दिली. बाई ती रोज भरून नेतात आणि भरलेलीच परत आणतात.

कंडक्टरबाईंनी अंगठी गिळली नव्हती. अकरा उन्हाळे त्या ड्युटीवर पाणी प्यायल्या नव्हत्या, त्यामुळे खडा झाला, आणि तो काढायला त्यांनी आईने दिलेली स्वतःची अंगठी विकली होती.