राजाच्या मुकुटावर भुसा

१९५६ सालची भाऊबीज, गावच्या मंडईचा, म्हणजे जत्रेचा दिवस. हजर राजा झालेले गुरुजी, राणी झालेला शिंपी, पेटीवाले, नाटकघराचे मालक आणि व्यवस्थेला मी. कैक वर्षं या जुन्या नाटकघरात मालकांचं धान साठत होतं. खेळ फसला तर पुन्हा पोती भरीन, असं त्यांनी बजावलं होतं. रंगवलेला पडदाही खळ्यावर धान झाकायला गेलेला. खेळासाठी परत आणून तो वर ओढताच राजाच्या मुकुटावर भुसा कोसळला. "राजेहो, आंग झाडा!" कुणीतरी ओरडलं, लोक खदखदले, मालक उठू लागले. गुरुजी हलले नाहीत. "राणी, औंदा आपल्या राज्यात लय धान पिकलं. आता कोठार दुसरीकडे बांधा लागते!" टाळ्या थांबेनात. मालक हसत खाली बसले, "बांधतो ना भाऊ!" त्यांनी बांधलंही. यंदाही भाऊबीजेला तिथं नाटक आहे. पडद्यावरच्या महालाला उंदरांनी पाडलेलं भोक मात्र तसंच आहे; ठिगळाचं काम शिंप्याकडे तेव्हापासून पडून आहे.