काळ्या मुलीचं पुस्तक काळ्याच मुलीला

बहिणीच्या दोन लेकरांपैकी जी काळी, तिलाच मी 'काळा रंगही सुंदर असतो' असं सांगणारं चित्रांचं पुस्तक दिलं. तिच्या गोऱ्या भावाला रिमोटची गाडी दिली. हर्सूलला, बहिणीच्या घरी, दोघांना समोरासमोर बसवून.

पुस्तक क्रांती चौकाजवळच्या दुकानातून घेतलं होतं. असल्या पुस्तकांचा हल्ली कारखानाच निघालाय. पहिल्या पानावर काळी मुलगी एकटी रडतेय. तिसऱ्या पानावर एखादा पक्षी येऊन उपदेश करतो. मग गावात आग तरी लागते नाहीतर पूर तरी येतो, ती चार-दोन जीव वाचवते, आणि शेवटच्या पानावर गाव तिला आपलं म्हणतं. गाव माफी मागत नाही, टाळ्या वाजवतं. म्हणजे काळ्या पोरीनं आधी आग विझवायची, मग खेळायला यायचं. गोऱ्या पोरीनं नुसत्या दोन वेण्या घातल्या तरी भागतं. आणि चित्रकार एवढा धीट, की पानागणिक पोरगी उजळत जाते. शेवटी ती भरपूर दूध घातलेल्या चहाच्या रंगावर आलेली असते.

हे शहाणपण आत्ताचं. त्या दिवशी मी ते पुस्तक आवाज बदलून बदलून वाचलं. शेवटी टाळ्या वाजवल्या, त्याही मीच. त्यात भाचीचा रंग माझ्यावर गेलेला. आणि मी कोण, तर लग्नाच्या बायोडाटात 'वर्ण: गव्हाळ' असं लिहिलेला इसम. तसला गहू उभ्या मराठवाड्यात पिकत नाही.

भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, ही रडते कामून?"

"काळी आहे म्हणून सगळे चिडवतात तिला."

"मला तर कुणी चिडवत नाय."

इथं तोंड मिटायला हवं होतं. मी म्हणालो, "चिडवलं तर घाबरायचं नाही."

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात पोरगी राणी होणार होती. महिनाभर घरात हुकूम सोडत फिरत होती. आता ती बाईंना सांगून आली होती, मला झाड करा. झाडाचं तोंड पुठ्ठ्याआड राहतं.

मी तडक हर्सूल गाठलं. तिला जवळ घेऊन म्हणालो, "अगं, रंगाला काही महत्त्व नसतं."

"मग पुस्तक कामून आणलं? आन् दादाला कामून नाय आणलं?"

मी दादाची गाडी पायानं खाटेखाली सारली.

बहीण भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं लेकीला विचारलं, "वर्गात मोठा आवाज कुणाचा गं?"

"माझा."

"झाडाला काही बोलायचं असतंय का?"

"नाय."

"मग गप उभं राहणं जमंल तुला? पाऊण तास?"

झाडाचं आयुष्य तिला झेपणारं नव्हतं. "उद्या सांगते बाईंना," ती म्हणाली. "राणीच."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच अंगात आलं. म्हटलं, "मी येणार बघायला. पार पहिल्या रांगेत बसणार."

भाची म्हणाली,

"ये. पण मागं बस. आन् माझा मामा आहे म्हणून सांगू नको कुणाला."