शेवटून पहिले सटुप्पामामा

सटुप्पामामा कधी कुणाच्या पुढे चालत नसत. बरोबर दोघं असोत की वीस, ते आपले शेवटी. एकदा त्यांचं कुत्रं त्यांच्या मागून येऊ लागलं, तर मामा वाटेत थांबले आणि "व्हो पुढं" म्हणाले. कुत्रं धन्याला सोडून पुढे जाईना. दोघंही अर्धी सकाळ आमच्या कॅसलरॉक स्टेशनाच्या रुळांपाशी एकमेकांची वाट बघत उभे. मामी तर सांगायच्या, "लग्नाला आले तवा ह्ये वऱ्हाडाच्या शेवटाला. माझ्या आयनं पुढच्याच बाप्याला ओवाळलं!"

मामा पलटणीत हवालदार होते. महायुद्ध बघून आले होते, पण त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लढाई संपल्यावर सरकारला हुक्की आली आणि बेळगावातून फर्मान सुटलं: ठिकठिकाणी पोरांच्या पलटणी उभ्या करा, प्रत्येकीतून एक पोरगा निवडा आणि पुढारीपण शिकायला महिनाभर बेळगावला पाठवा. आमच्याकडे हवालदार एकच, म्हणून पलटण मामांच्या गळ्यात पडली. आम्ही दहा पोरं, तेरा-चौदा वर्षांची. बेळगाव कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या एका जागेसाठी आम्ही जीव टाकत होतो, आणि सगळ्यांत जास्त मी.

मामांची कवायत म्हणजे रानातून एका रांगेत चालणं. पुढारी कायम शेवटी. "पुढं कोन बी चालतंय, तम्मा," ते आम्हा प्रत्येक पोराला म्हणत, "डोळं असले की झालं. मागं चालायला मानूस लागतंय. वाघ शेवटच्याला उचलतंय. मग शेवटाला कोन पायजे? ज्याची नोकरीच ती हाय, त्यो!" मागून तोंडं दिसत नाहीत, म्हणून पुढाऱ्याला सगळ्यांच्या माना पाठ हव्यात, असा त्यांचा नियम होता. परीक्षाही तीच. नऊ पोरं पाठमोरी उभी करायची, डोक्याला टॉवेल गुंडाळायचे आणि नुसत्या मानेवरून नावं सांगायची. मी महिनाभर माना घोकल्या. पुंडलिकाच्या मानेवर तीळ, जानूच्या मानेवर कायमचा मळ. नऊच्या नऊ ओळखल्या आणि मी पुढारी झालो. घरी आईनं बेळगावसाठी नाचण्याचे लाडू वळायला घेतले.

निवडीवर शिक्का मारायला गोरा साहेब आला. स्टेशनासमोरच्या मैदानात आम्ही रांगेत उभे. साहेब म्हणाला, "लीडर, अपने लोगों का नाम बताओ." मी समोर पाहिलं. नऊ तोंडं, आणि माझी गाळण उडाली. रोजच्या सोबत्यांची नावं आठवेनात! मी ओरडलो, "पलटण, पाठ फिरव!" नऊ पोरांनी सरकारच्या प्रतिनिधीकडे खाडकन पाठ केली आणि मी घडाघडा नावं म्हटली.

साहेब लाल झाला. "लीडर आगे! मार्च!" मी धावत रांगेच्या शेवटी गेलो. साहेबानं चिडून सगळ्यांना उलटं वळवलं, तर मी आपसूक पहिला झालो. ही भलतीच आफत. मी पुन्हा धावत दुसऱ्या टोकाला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा साहेबच माझ्या दंडाला धरून धावत होता आणि मामा बाजूला उभे राहून समाधानानं मान डोलवत होते.

साहेबानं तिथंच हुकूम लिहिला: पोराला नव्हे, शिकवणाऱ्याला शिक्षणाची गरज आहे. या जागेवर हवालदारानंच यावं. पास झाला तर पलटण चालेल, नापास झाला तर बंद.

पन्नाशीला आलेले मामा खाकी अर्धी चड्डी घालून, पांढऱ्या मिशांना तूप लावून, चौदा वर्षांच्या पोरांच्या डब्यात चढले. माझे लाडूही त्यांच्याबरोबर गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. इतका राग मला पुन्हा कुणाचा आला नसेल.

महिन्यानं ते परतले तेव्हा पलटण फलाटावर हजर होती. मीही होतो, लांब खांबाजवळ. मामा सरळ माझ्याकडं आले.

"तुझी जागा खाल्ली, तम्मा. आनि वर नापास झालो."

"कशात?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"गाठी मारल्या, झेंडा हलवला, शिट्टी फुकली. समद्यात पास. शेवटच्या दिशी म्हनले, पोरांना घिऊन डोंगर चढ. तू पुढं. दोन पावलं गेलो, तिसरं उचलंना." ते रुळांकडे वळले. "लढाईत एकदा पुढं चाललो व्हतो रं. मागं अकरा जन. मुक्कामाला पोचून वळून बघितलं, तर चार. बाकीचे कवा पडले, कुठं पडले, मला ठावं न्हाई. आवाज बी आला न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला रडू आलं ते बेळगावसाठी नव्हे.

"चला, घरला चला," मामा म्हणाले. "पलटन आजपास्नं बंद."

रानाची वाट लागली तशी आम्ही न सांगता रांग धरली. त्या दिवशी मी सगळ्यांत पुढे होतो, आणि मामा आपले शेवटी. दीड कोसाच्या त्या वाटेत मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.