पडायची तालीम

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा हे एका शाळेत ड्रिल शिकवत. रविवार मात्र लळिंगच्या किल्ल्याखालच्या कातळाचा. सोबतीला लळिंग गावातलाच यांचा शाळेपासूनचा मित्र. घरची शेती करणारा, अंगानं भक्कम. गडावर जायला चांगली पायवाट असताना हे दोघं पालीसारखे भिंतीला चिकटतात म्हणून गावातले लोक हसत.

चढण्याआधी अंग तापलंच पाहिजे, असा यांचा हट्ट. बैठका मारायच्या, खांदे फिरवायचे, एकेक बोट हलकेच ओढायचं, मग खालच्या बुटक्या दगडाला थोडं लोंबकळायचं. मित्राला याचा कंटाळा. म्हणायचा, "मी पहाटेपासून नांगरामागं असतो, मास्तर. माझं अंग गार कधी असतं?"

पौषातल्या एका सकाळी तो यांची वाट न बघता चढायला लागला. कातळ बर्फासारखा होता. हे पोचले तोवर तो दोन पुरुष उंचीवर होता. यांनी हाक मारली, त्यानं हसून खाली पाहिलं, आणि त्याची बोटं उघडली. पडताना त्यानं एक हात ताठ मागं टेकवला. हात मोडला, डोकं दगडावर आपटलं आणि तो जागीच गेला.

उंची फार नव्हती. यांच्या मनाला तेच लागून राहिलं. "चढायला आम्ही दोघं शिकलो," ते म्हणाले, "पडायला कुणीच शिकलो नाही."

मग पांझरा नदीतून बैलगाडीभर वाळू आणून त्यांनी मागच्या अंगणात पसरली. शाळेतून आले की कडुनिंबाच्या फांदीवर चढायचे आणि खाली उडी टाकायचे. गुडघे वाकवून, हनुवटी छातीशी घेऊन, हात पोटाशी धरून, खांद्यावरून गडगडत. मी चुलीपाशी. धप्प आवाज आला की भाकरी थापणारे माझे हात थांबायचे. अंगावरची वाळू झटकल्याचा आवाज येईपर्यंत श्वास सुटायचा नाही. कधी कधी तो आवाज यायला उशीर व्हायचा. डोकावून पाहिलं तर हे वाळूत पडल्या पडल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत असायचे, तिथं कुणी पडलेलं असावं तसे.

वर्षभरानं मित्राचा धाकटा भाऊ आला. चांगला जाणता, मिसरूड फुटलेला. त्याला कातळावर जायचं होतं. मला वाटलं हे नाही म्हणतील. यांनी त्याला फांदीवर चढवलं.

कळल्यावर त्याची आई लळिंगहून चालत आली. ओसरीवर टेकलीही नाही. "याले चढानं शिकाडस का पडानं?"

"आधी पडायचंच, माय," हे म्हणाले.

ती आल्या वाटेनं परत गेली. पोराला मात्र तिनं अडवलं नाही.

पावसाळा संपल्यावर हे त्याला कातळावर घेऊन गेले. अंग तापवून, बोटं मोकळी करून, मगच. तरी धरलेला दगडाचा टवका हातात निघून आला आणि तो सुटला. हात पोटाशी घेऊन गडगडला, घोटा मुरगळला, आणि उठून बसला. घरी येऊन मला हे सगळं सांगताना यांचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी ती बाई परत आली. या वेळी थेट अंगणात, वाळूच्या कडेला बसली.

"मन्हा मोठा कसा पडना, ते माले दाखाड," ती म्हणाली. "माले कोणी सांगं नही."

मी म्हणाले, "माय, कशाला ते?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे फांदीवर चढले. बराच वेळ तसेच लोंबकळत राहिले. मग त्यांनी मान वाकवून खाली पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि हात सोडले. एक हात मागं, ताठ. तो वाळूत रुतला. ते उताणे पडले आणि हललेच नाहीत. डोळे उघडे होते. त्या घडीला यांचा चेहरा मला ओळखू येईना.

ती सरकत जवळ गेली. यांचं डोकं मांडीवर घेऊन केसांतली वाळू बोटांनी काढत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी माझा पाय उचलेना.

"ऊठ, भाऊ," शेवटी ती लेकाला उठवावं तसं म्हणाली. "ऊठ आते."

हे उठले. मनगट सुजलं होतं. तिनंच हळद गरम करून लावली आणि उजेड होता तोवर लळिंगची वाट धरली.