सासूबाईंच्या तुपावर माझा संशय

"तुमचं कोलेस्टेरॉल फार वाढलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी आधी रिपोर्टवरचं नाव तपासलं. नाव माझंच होतं. तरी पटेना. कोलेस्टेरॉल म्हणजे पोट सुटलेल्या पुरुषांचं दुखणं अशी माझी समजूत, आणि मी सातव्या महिन्यातही काटकुळी.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही इंदिरानगरला राहायचो, आणि हे माझं पहिलं बाळंतपण. गरोदरपणी ही तपासणी सहसा सांगत नाहीत. बाईंनी माझ्या पापण्यांवरचे चरबीचे पिवळसर डाग पाहिले, माझे वडील ऐन चाळिशीत हार्ट अटॅकने गेल्याचं ऐकलं आणि चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, लॅबवाल्याशी यांचं साटंलोटं असणार.

"गरोदरपणात हे थोडं वाढतंच, पण इतकं नाही," त्या म्हणाल्या. "प्लासेंटाच्या रक्तवाहिन्या बघायला हव्यात."

प्लासेंटा म्हणजे आपली वार. आईकडून बाळाला जे मिळतं ते तिच्यातूनच. मग कलर डॉप्लर झालं, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. वारेकडे रक्त अडखळत जात होतं. बाळ वजनात मागे पडलं होतं.

घरी येताना रिक्षात एकदम आठवलं. रक्त द्यायला उपाशी जायचं होतं, पण सासूबाईंनी दारात अडवलं होतं. त्या दिंडोरीकडच्या. "पोटुशी बाईनं उपाशी बाहेर पडू नाय," म्हणत वाटीभर शिरा खायला लावला, वर तुपाची धार. लॅबमध्ये मी उपाशी असल्याचं खुशाल ठोकून दिलं.

झालं, मला चोर सापडला. शिराच काय, रोजच्या भातावरचं तूप, डिंकाचे लाडू, सगळं संशयात आलं. सासूबाईंनीच माझ्या बाळाची वाट अडवली, असं वाटून मी त्यांच्या हातचं खाणं टाळू लागले. त्या ताट वाढायच्या, मी कोरडी पोळी घेऊन खोलीत जायचे. त्याही काही विचारीनात, नुसत्या बघत राहायच्या. ते बघणं मला मुळीच आवडत नव्हतं.

आठवड्याने माहेरी नाशिकरोडला गेले आणि दुसऱ्या लॅबमध्ये, खरोखर उपाशी, पुन्हा रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे जेवल्याबरोबर चढणारी रक्तातली चरबी, खाली आली होती. कोलेस्टेरॉल मात्र जवळजवळ तिथंच.

डॉक्टरबाईंना शिऱ्याचं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. "एका शिऱ्यानं इतकं होत नाही. हे फॅमिलिअल दिसतंय, म्हणजे घराण्यातून आलेलं. बहुधा वडिलांकडून."

"मग वार त्यानंच बिघडली का?"

"ठामपणे नाही सांगता येणार. शंका आहे."

त्यांना सगळं माहीत नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि तिथून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. खाणं बदललं, डॉप्लरच्या खेपा सुरू झाल्या. सासूबाई दर खेपेला सोबत यायच्या आणि बाहेर बाकावर बसायच्या. छत्तिसाव्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही. सिझेरियन झालं. मुलगी दोन किलोच्याही आतली, पण रडली. वार लहान होती, तिच्यावर पांढुरके घट्ट चट्टे होते.

कुणावर ही वेळ आली तर एवढंच सांगेन, घरातल्यांचे आजार डॉक्टरांपासून लपवू नका, आणि काही खाऊन गेला असाल तर तेही सांगा.

चौथ्या दिवशी मी सासूबाईंना धरून एनआयसीयूच्या, म्हणजे नाजूक नवजात बाळांच्या खोलीच्या, काचेपाशी गेले. आत पेटीत मुलगी झोपली होती. न राहवून मी बोलले, "आई, मला वाटत होतं, तुमच्या तुपानं हे झालं."

त्यांनी काचेवरची नजर हलवली नाही. "मला वाटलं, बारीक राहायचं म्हणून तू माझ्या नातीला उपाशी मारतेस," त्या म्हणाल्या. "लय शिव्या दिल्या तुला मनात."

मी त्यांचा हात सोडला नाही. त्यांनीही माझा सोडला नाही.