उंदरांच्या दारावर टकटक करणारे मामा

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सर्वांत संतापी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांकडे बोट दाखवीन. साकीनाक्याच्या एका गल्लीत आमची औषधांची प्रयोगशाळा होती आणि तिथले पांढरे उंदीर मामा सांभाळायचे. त्यांना लिफ्टचा राग, मेट्रोच्या खांबांचा राग, चहात आलं कमी पडलं तर चहावाल्याच्या सात पिढ्यांचा राग. कपाटाचं, मोरीचं, साहेबांच्या केबिनचं, कुठलंही दार त्यांनी आपटल्याशिवाय लावलं नाही. फक्त पिंजऱ्याच्या दाराचा आवाज व्हायचा नाही. ते उघडण्याआधी मामा बोटाच्या पेरानं टकटक करायचे. पहिल्याच दिवशी मी तसाच हात घातला, तर मामा मालवणीत कडाडले, "मेल्या, कोणाच्या घरात असो घुसतंस?"

माझं काम तसं लाजिरवाणंच. औषध दिलेला नर मादीजवळ सोडायचा आणि तो किती वेळा तिच्या मागे जातो, किती वेळा तिच्यावर चढतो, हे मोजायचं. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून भर दुपारी खिडक्या बंद करून लाल दिवा लावायचा. तेवढा वेळ मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "दोन पोरींचा बाप तू, आणि हे वहीत लिहितोस?" नंतर तोच नर त्याच लाल दिव्यात तळाला चौकटी आखलेल्या पेटीत सोडला जाई. तो किती चौकटी ओलांडतो हे मात्र मामा मोजायचे, पेटीला नाक टेकवून, "चल रे राजा, काय झालं तुला?" असं पुटपुटत.

एका औषधाचा डोस वाढवला आणि नरांनी माद्यांकडे जाणंच सोडलं. मी लिहिलं, 'इच्छा कमी झाली.' मामा भिंतीकडून वळले आणि वही हिसकावली. "इच्छा आसा तेका! नाक बघ, तिच्याकडेच लावलंय. मागचे पाय ओढतोय तो. पेटीत दोन चौकटी पण जाईना. पाय लिही!"

पाय लिहिले असते, म्हणजे औषधानं नसांना इजा होतेय असं, तर औषध तिथेच थांबलं असतं. साहेबांना ते थांबायला नको होतं आणि मला साहेब नाराज व्हायला नको होते. मामांचे आकडे साहेबांच्या टेबलावर आले तेव्हा मी म्हणालो, "मामांना लाल दिव्यात नीट दिसत नाही, सर." मामा तिथेच उभे होते. मी शिव्यांची वाट पाहिली. ते वळून पिंजऱ्यांकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाटल्या धुवायला बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. तिथेही दारं आपटत राहिले. मला मात्र कधी शिवी दिली नाही. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मामांची नजर आमच्या सगळ्यांत तेज होती, हे मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. बेल होती, तरी बोटाच्या पेरानं टकटक केलं. मामांनी दार उघडलं.

"टकटक करायला शिकलास."

"मामा, चुकलं माझं."

"माझी माफी कित्याक मागतंस? पाय लिहिलंस काय?"

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, आता दार तोंडावर आपटतील. खरं तर तेवढ्यासाठीच मी गेलो होतो. मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पेटीत पाहायचे तसं. मग माझ्यासमोर दार लावलं, अगदी हळू, कडीचासुद्धा आवाज होऊ न देता.